पिट व्हायपरचं वर्गीकरण शिकायचंय? नागपुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी माझा अनुभव

बीएस्सीचे निकाल लागले की मला मेसेज येऊन राहतात, ताई सापांवर पीएचडी करायची आहे, पिट व्हायपरवरच करायची आहे, कुठून सुरू करू. दर वेळी तेच तेच टाईप करण्यापेक्षा म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी नागपूरची, एमएस्सी झूऑलॉजी इथंच केलं आणि नंतरचं सगळं काम आशियातल्या पिट व्हायपरांचं वर्गीकरण आणि नातेसंबंध यावर, म्हणजे कुठला साप कुठल्या जातीचा, कोण कोणाच्या जवळचा, आणि आपल्याकडचे साप बाकीच्यांपासून कधी आणि कसे वेगळे झाले. लांबलचक झालंय, चहा घेऊन बसा.

मेसेज करणाऱ्यांपैकी बरेच जण सर्पमित्र असतात, रात्री दोनला फोन आला तरी हूक घेऊन निघणारे, आणि त्यांचं कौतुकच आहे मला. पण वर्गीकरण म्हणजे साप पकडणं नाही हे आधीच सांगून ठेवते. या कामात वर्षातले फार थोडे दिवस जंगलात जातात, बाकी सगळं आयुष्य बरणीतले मेलेले साप, मायक्रोस्कोप, दीडशे-दोनशे वर्षं जुने कागद आणि लॅपटॉप. ज्याला दुपारभर एका जागी बसून खवले मोजायचा कंटाळा येतो त्याने इकडे वळू नये, इकॉलॉजी आहे, संवर्धन आहे, विषावरचं काम आहे, तिकडे जागा भरपूर आहे.

दुसरं म्हणजे नागपूर शहरात रेस्क्यू करताना तुम्हाला पिट व्हायपर भेटणारच नाही. आपल्याकडे नाग, मण्यार, परड म्हणजे घोणस, आणि फुरसं. यातली परड आणि फुरसं व्हायपर कुळातलीच, पण पिट व्हायपर नाहीत. पिट व्हायपरला डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध दोन्ही बाजूंनी एक खोल खाच असते, आत पातळ पडदा ताणलेला असतो, आणि समोरच्या प्राण्याच्या अंगाची उष्णता त्या पडद्याला कळते. हे कुठल्या प्रथिनामुळे होतं ते २०१० मध्ये सापडलं, टीआरपीए-१ नावाचं, जे आपल्या शरीरात वेगळ्याच कामाला आहे, मोहरीसारखा झणका जाणवून देतं. अजगरांनाही उष्णता कळते पण त्यांच्या खाचा ओठांवर आणि त्या वेगळ्या वाटेने स्वतंत्रपणे आलेल्या. विदर्भात पिट व्हायपर बघायचाच असेल तर मेळघाटकडे जावं लागतं, तिथल्या डोंगरात चापडा आहे, हिरवा, बांबूच्या बेटात शेपटीने धरून बसणारा.

आता विषय का भारी आहे ते. पिट व्हायपर म्हणजे क्रोटॅलिनी हे उपकुळ. याची सगळ्यात जवळची नातलग आहे ॲझेमिओप्स, १८८८ मध्ये बूलेंजरने वर्णन केलेला साप, म्यानमार, चीन, व्हिएतनामकडचा, आणि त्याला खाचच नाही. म्हणजे खाच आली ती या फांदीपासून वेगळं झाल्यानंतर. जुन्या फांद्या सगळ्या आशियात आहेत, आणि अमेरिकेतले रॅटलस्नेक वगैरे सगळे पिट व्हायपर मिळून एकच फांदी होते, म्हणजे आशियातून एकदाच कोणीतरी बेरिंगच्या, म्हणजे त्या काळी आशिया आणि अलास्का जोडणाऱ्या जमिनीवरून पलीकडे गेलं आणि तिथे त्यांचा पसारा झाला. आपल्याकडच्यांचं तर आणखी गमतीशीर आहे. सह्याद्री आणि श्रीलंकेत राहणारा उंच नाकाचा हिप्नेल, त्याचा सगळ्यात जवळचा भाऊबंद शेजारच्या झाडावरचा चापडा नाही, तर थायलंड-मलेशियाकडचा कॅलोसेलॅस्मा. हिमालयातला ग्लॉयडियस तिसऱ्याच घरचा, त्याचे नातेवाईक मध्य आणि पूर्व आशियात. म्हणजे भारतातले पिट व्हायपर एकाच खानदानातून आलेले नाहीत, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या दारांनी आत आलेत. कोण कधी, कोणत्या दाराने, आणि आत आल्यावर त्याचे किती तुकडे पडले, हेच आमचं काम.

नवीन पोरं इथपर्यंत खुश असतात. मग नावांचा इतिहास सुरू होतो आणि अर्धे गळतात, आणि मला वाटतं खरी मजा तिथंच आहे.

आपल्या चापड्याचंच घ्या. पॅट्रिक रसेल हा डॉक्टर विशाखापट्टणमकडे होता, त्याने १७९६ मध्ये भारतीय सापांची चित्रं छापली, त्यात एक हिरवा साप. शॉने १८०२ मध्ये त्यावरून नाव दिलं कोल्युबर ग्रामिनियस. झालं, तेव्हापासून श्रीलंका सोडून जवळजवळ सगळ्या आशियातला कुठलाही हिरवा पिट व्हायपर दिसला की लोक त्याला ग्रामिनियस म्हणायला लागले, गावातल्या प्रत्येक फेटेवाल्याला पाटील म्हणावं तसं. चीनमधला ग्रामिनियस, जावातला ग्रामिनियस, हिमालयातला ग्रामिनियस. बूलेंजरने १८९६ च्या कॅटलॉगमध्ये तर आशियातले आणि अमेरिकेतले कित्येक पिट व्हायपर एकाच लॅकेसिस प्रजातीत (प्रजाती म्हणजे इथे जीनस, जवळच्या जातींचा गट) कोंबले होते. १९३३ मध्ये क्लिफर्ड पोप आणि सारा पोप यांनी या ग्रामिनियस नावाच्या गोणीत हात घातला, वेगवेगळ्या संग्रहालयातले साप काढून खवले आणि नरांचे जननावयव तपासले, आणि दाखवून दिलं की एका नावाखाली अनेक जाती आहेत. तो निबंध अमेरिकन म्युझियमच्या साईटवर फुकट आहे, इंग्रजी सोपं आहे, पहिला पेपर म्हणून तोच वाचा असं मी सगळ्यांना सांगते. डीएनए नव्हता, काही नव्हतं, नुसते डोळे आणि चिमटा.

पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ओव्होफिस, प्रोटोबोथ्रॉप्स असे गट ट्रायमेरेसुरस या आशियाई पिट व्हायपरांच्या मोठ्या प्रजातीमधून वेगळे काढले गेले. मग २००४ मध्ये वेल्सच्या बँगोर विद्यापीठातल्या अनिता मल्होत्रा आणि रॉजर थॉर्प यांनी मायटोकाँड्रियातल्या चार जनुकभागांवरून नात्यांचं झाड बनवलं आणि उरलेल्या ट्रायमेरेसुरसचे बरेच तुकडे केले, क्रिप्टेलिट्रॉप्स, पारियास, पोपिया, व्हिरिडोव्हायपेरा वगैरे. झाड चांगलंच होतं, गट खरे होते, पण नावांचा घोळ उरला होता. ट्रायमेरेसुरस हे नाव कायद्याने ज्या जातीला चिकटलेलं आहे ती जात नेमकी क्रिप्टेलिट्रॉप्स म्हटलेल्या गटात निघाली. म्हणजे त्या गटालाच ट्रायमेरेसुरस म्हणायला पाहिजे, आणि ज्या गटाला ट्रायमेरेसुरस म्हणत होतो, म्हणजे आपला ग्रामिनियसवाला, त्याला दुसरं नाव. २०११ मध्ये डेव्हिड, व्होगेल आणि दुब्वा यांनी हे निस्तरलं, आणि १८२२ चं जुनं क्रॅस्पेडोसेफॅलस हे नाव त्या गटासाठी पुढे आलं. आणि २०२१ मध्ये बंगळुरूच्या गटाचा मोठा पेपर आला ज्यात क्रॅस्पेडोसेफॅलस पूर्ण प्रजाती म्हणून उभी केली आणि भारतीय द्वीपकल्पातून पाच छुप्या वंशरेषा दाखवल्या. त्यामुळे आता आपला चापडा क्रॅस्पेडोसेफॅलस ग्रामिनियस. जुन्या पुस्तकात ट्रायमेरेसुरस दिसेल, गोंधळू नका, साप तोच.

तर शिकायचं काय, की झाड बनवणं ही एक गोष्ट आणि झाडाच्या फांदीवर कुठलं नाव टांगायचं ही पूर्ण वेगळी गोष्ट. पहिलीसाठी डीएनए लागतो, दुसरीसाठी प्राणिनामकरणाची नियमावली लागते, जिची चौथी आवृत्ती १९९९ ची आहे आणि नेटवर फुकट वाचता येते. कॉलेजात झाड बनवायला सगळे शिकवतात, नियमावली कोणीच शिकवत नाही. जे नाव आधी ते खरं, पण त्या नावामागे एक खरा नमुना पाहिजे, होलोटाईप, आणि तो नमुना कुठे ठेवलाय, कुठून आलाय, हे माहीत असल्याशिवाय तुमच्या सुंदर झाडाला अर्थ नाही. ग्रामिनियसचं नाव विशाखापट्टणमशी बांधलेलं आहे, तेव्हा पूर्व घाटाच्या सापांशी तुलना केल्याशिवाय सह्याद्रीतला किंवा मेळघाटातला चापडा खरा ग्रामिनियस आहे की नाही हे कोणी कसं सांगणार.

नियमावली किती खडूस असते याचा एक किस्सा. चीनमध्ये मांगशान पर्वतात एक प्रचंड मोठा हिरवा पिट व्हायपर सापडला, १९९० मध्ये त्याला ट्रायमेरेसुरस मांगशानेन्सिस म्हटलं. १९९३ मध्ये त्याला स्वतःची प्रजाती दिली, एर्मिया, ज्यांनी त्याचं वर्णन केलं त्या झाओ अर्मी यांच्या मानात. मग लक्षात आलं की एर्मिया नाव आधीच एका टोळाला देऊन झालंय. २००४ मध्ये बदलून झाओअर्मिया केलं. आणि २००७ मध्ये डीएनएने सांगितलं की हा तर प्रोटोबोथ्रॉप्सच आहे, वेगळी प्रजाती लागतच नाही. साप बिचारा डोंगरात बेडूक-उंदीर खात बसला असेल आणि त्याचं नाव तीन वेळा बदललं.

माझा सल्ला हा, एक जात निवडा, कुठलीही, आणि पहिल्या नावापासून आजपर्यंत तिची सगळी नावं, कोणी दिली, कधी, कुठल्या नमुन्यावरून, हे वहीत हाताने लिहून काढा. जुनी पुस्तकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट मिळतात, ग्युंथर १८६४, बूलेंजर सगळे. माल्कम स्मिथचा १९४३ चा सापांचा खंड अजूनही टेबलवर लागतोच. ही वही मुलाखतीला नेली तर गाईडला नेट परीक्षेच्या मार्कांपेक्षा जास्त काही कळतं, मी स्वतः आता पोरांना भेटते तेव्हा हेच विचारते.

आता खवले. हे कुठेही शिकता येतं, नागपुरातच शिका, पिट व्हायपर लागत नाही. कॉलेजच्या म्युझियममध्ये बरण्या पडून असतात, धामण, पानदिवड, कवड्या, कोणी बघत नाही, एचओडी सरांना विचारा, बहुतेक हो म्हणतात. साप बाहेर काढून साध्या पाण्यात नीट धुवून घ्या, कारण फॉर्मॅलिनचा वास डोळ्यात जातो आणि उन्हाळ्यात बंद लॅबमध्ये तर असह्य होतो, पंखा लावला की आणखी पसरतो, एक्झॉस्ट लावा. मग ट्रेवर पोट वर करून पसरा. पोटावरच्या रुंद पट्ट्या मोजायच्या, पण सुरुवात कुठून, हा सगळ्यात मोठा प्रश्न, कारण गळ्याजवळ लहान खवले हळूहळू रुंद होत जातात. डाउलिंगने १९५१ मध्ये नियम घालून दिला, पाठीच्या खवल्यांची सगळ्यात खालची ओळ ज्या पट्टीला दोन्ही बाजूंनी टेकते ती पहिली. तिथे एक टाचणी टोचायची आणि मग मोजायचं, दर दहाला एक टाचणी, नाहीतर शंभराच्या पुढे कोणी हाक मारली की संपलं. गुदद्वाराची पट्टी धरायची नाही. शेपटीखालचे खवले जोडीत असतात, त्या जोड्या मोजायच्या, टोकाचा काटा सोडून.

पाठीच्या ओळी तीन ठिकाणी मोजतात, डोक्यामागे डोक्याएवढं अंतर सोडून, मध्यावर, आणि गुदद्वाराच्या आधी डोक्याएवढं अंतर सोडून. चापड्याच्या मध्यावर साधारण २१ येतात, हिप्नेलच्या १७. ओळ सरळ आडवी मोजायची नाही, तिरपी मोजायची, खवल्याच्या कडेने, आणि पलीकडच्या बाजूला पोटाच्या पट्टीपर्यंत, आणि जिथे मोजलं ती पट्टीचा नंबरही लिहायचा. मग डोकं. मायक्रोस्कोपखाली नाकपुडीचा खवला आणि वरच्या ओठाचा पहिला खवला, या दोघांच्या मध्ये शिवण आहे का बघा. ग्रामिनियसमध्ये शिवण पूर्ण असते, ते दोन वेगळे. ईशान्य भारतातल्या अल्बोलाब्रिस नावाच्या हिरव्या पिट व्हायपरच्या गोतावळ्यात ते एकमेकांत मिसळलेले असतात, कधी पूर्ण कधी अर्धवट. एवढीशी रेष, एक मिलिमीटरची, ओला नमुना असेल तर चमकते आणि दिसत नाही, टिश्यूने टिपून बाजूने लाईट मारला की उमटते. लोकांनी या रेषेवर अख्खे गट वेगळे केले आणि नंतर डीएनएने बऱ्याच प्रमाणात त्यांना बरोबर ठरवलं, हे मला अजूनही भारी वाटतं.

नर-मादी न बघता मोजलेले आकडे फेकून द्या. नराची शेपटी लांब, बुडाशी जाड, त्यामुळे शेपटीखालचे खवले जास्त. दोन ठिकाणच्या सापांत फरक दिसतोय म्हणून कोणी नाचायला लागतं आणि बघितलं तर एकीकडून सगळे नर, दुसरीकडून सगळ्या माद्या.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. हिरवा रंग अल्कोहोलमध्ये निळा पडतो, मग काळपट. आणि जिवंत असतानाही मलबारी पिट व्हायपर हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगी कसाही असतो एकाच जंगलात. उलट बाजूनं, दूरदूरचे नातेवाईक झाडावर राहून सारखेच हिरवे होतात. पेनांगच्या नागमंदिरात जे प्रसिद्ध साप आहेत ते ट्रॉपिडोलिमस, जुने लोक त्यांना ट्रायमेरेसुरसच समजत होते, पण ती फांदी फार वेगळी आहे. झाडावर राहण्याची गरज सगळ्यांना एकाच साच्यात घालते आणि वर्गीकरण करणाऱ्याला फसवते.

संग्रहालयांचं म्हणाल तर भारतात दोन ठिकाणी जावंच लागतं. कोलकात्याचं झेडएसआय म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण, १९१६ ला सुरू झालेलं, आणि मुंबईचं बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. नागपूरचा एक मोठा फायदा की आपण मधोमध आहोत, गीतांजली एक्स्प्रेस एका बाजूला हावडा आणि दुसऱ्या बाजूला मुंबई गाठून देते, हैदराबादला सीसीएमबी ही डीएनएवर काम करणारी संस्था रात्रभराच्या अंतरावर. जायच्या आधी पत्र पाठवा, गाईडच्या लेटरहेडवर, कुठल्या नोंदणी क्रमांकाचे नमुने बघायचेत ते लिहून. नुसतं व्हायपर बघायचेत लिहिलं तर उत्तर येत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे, हजारो बरण्या आहेत. नोंदणी क्रमांक जुन्या पेपरांतून काढायचे, म्हणूनच ती वही. तिथं जाताना स्वतःची व्हर्नियर कॅलिपर, टाचण्या, हेडलाईट, मॅक्रो फोटो काढणारा मोबाईल किंवा कॅमेरा, आणि फोटोत ठेवायला पट्टी. लेबलचा फोटो दोन्ही बाजूंनी काढा, जुन्या शाईत लिहिलेलं गाव कधीकधी सापापेक्षा मोलाचं असतं. भारतातल्या बऱ्याच जातींचे होलोटाईप लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, तिकडे जायला पैसे लागतात, पण फोटो मागितले तर तिथले लोक मदत करतात, धीर धरावा लागतो.

परवानगी हा विषय सगळ्यांना घाबरवतो आणि नागपूरकरांसाठी तो बाकी महाराष्ट्रापेक्षा सोपा आहे, कारण ऑफिसं इथंच आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली साप पकडायला, नमुना घ्यायला, खवल्याचा तुकडा कापायलासुद्धा परवानगी लागते, सर्पमित्राचं ओळखपत्र रिसर्चसाठी चालत नाही हे नीट ऐका. महाराष्ट्राची ती परवानगी प्रधान मुख्य वनसंरक्षक वन्यजीव यांच्याकडून, आणि ते वनभवन सिव्हिल लाईन्समध्ये. राज्याचं जैवविविधता मंडळही नागपुरातच. कोल्हापूर-सिंधुदुर्गात चापड्यावर काम करणाऱ्यालाही कागद इथंच पाठवावा लागतो, आपण दुपारी बर्डीवरून ऑटोने जाऊन विचारून येऊ शकतो की साहेब फाईल कुठल्या टेबलवर आहे. नमुना किंवा डीएनए परदेशातल्या लॅबला द्यायचा असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाचा विषय येतो, तिथे गाईडला पुढे करा, एकट्याने हात घालू नका. अर्जात कुठली जात, किती नमुने, कुठल्या विभागात, कुठल्या महिन्यात, नमुना शेवटी कुठल्या संग्रहालयात जमा होणार हे स्पष्ट पाहिजे. गोलमाल अर्ज परत येतात. आणि पावसाळ्यात फील्ड करायचं असेल तर अर्ज हिवाळ्यातच टाका, मे महिन्यात ४५ डिग्रीत चकरा मारायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

लॅबचं काम तसं ऐकायला वाटतं तेवढं अवघड नाही. पोटाच्या पट्टीचा छोटा तुकडा, किंवा रस्त्यावर मेलेल्या सापाचा स्नायू, शुद्ध इथेनॉलमध्ये, आणि रस्त्यावर मेलेल्यालाही परवानगी लागते बरं का. डीएनए काढा, पीसीआर करा म्हणजे हव्या त्या भागाच्या भरपूर प्रती बनवा, १६एस, सायटोक्रोम बी, एनडी-४ हे नेहमीचे मायटोकाँड्रियल भाग, सँगर सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणं, बाहेरून करून मिळतं. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो म्हणून त्यातून दिसते ती आईच्या बाजूची कहाणी, दोन जातींचा कधी संकर झाला असेल तर ती फसवते, म्हणून आता केंद्रकातली जनुकंही मागतात, आणि हळूहळू सगळे जीनोमकडे चाललेत.

पण लॅब नसेल तरी आज रात्री सुरू करता येतं. जेनबँक या डीएनए सिक्वेन्सच्या खुल्या संग्रहावर पिट व्हायपरांचे भरपूर सिक्वेन्स फुकट आहेत. मेगा सॉफ्टवेअर डाऊनलोड करा, सायटोक्रोम बीचे पंधरा-वीस सिक्वेन्स घ्या, ॲझेमिओप्सला तुलनेसाठी बाहेरचा म्हणून ठेवा, अलाईन करा, झाड बनवा, मग हळूहळू आयक्यू-ट्री, मिस्टर बेज, बीस्ट ही झाड बनवायची सॉफ्टवेअरं शिका. सीताबर्डीतून घेतलेल्या सेकंडहँड लॅपटॉपवरही चालतं, रात्री लावून झोपायचं, कूलर लॅपटॉपकडे करून. झाड आलं की फांद्यांच्या आकड्यांकडे बघा, बूटस्ट्रॅप, म्हणजे फांदीवर किती भरवसा ठेवायचा तो आकडा, कमी असेल त्या फांदीवर बोलू नका. आणि जेनबँकवर नाव लिहिलंय म्हणून साप तोच असेल असं समजू नका. २००४ च्या आधी टाकलेले सिक्वेन्स जुन्या नावांनी आहेत, काहींची ओळखच चुकलेली आहे, काहींच्या मागे बरणीतला साप कुठे आहे याचा पत्ता नाही. ज्या सिक्वेन्सला संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक आणि ठिकाण आहे तोच पक्का. बाकीचे चालवून बघायला ठीक, पेपरात त्यांच्यावर इमारत बांधू नका.

नवीन जात शोधायची घाई, यावर माझं मत थोडं कडू आहे. गेल्या काही वर्षांत भारतातून बऱ्याच आल्या, २०१९ ला अरुणाचलेन्सिस, २०२० ला अरुणाचलमधूनच सालाझार जिचं नाव हॅरी पॉटरमुळे पेपरात गाजलं, कार निकोबारमधून डेव्हिडी, २०२२ ला हिमाचलच्या चंबा खोऱ्यातून ग्लॉयडियस चंबेन्सिस, त्याच वर्षी ईशान्येतून मायाए. चांगलं काम आहे. पण आता प्रत्येक पोराला पहिल्याच वर्षी स्वतःची जात पाहिजे. डीएनएत दोन टक्के फरक दिसला म्हणून जात होत नाही, दोन डोंगरांमधल्या जागेचे नमुने घेतले नाहीत तर तो फरक सलग बदलत जाणारा असू शकतो, आणि मधली जागा म्हणजे बहुतेक वेळा अशी जागा जिथे कोणी जात नाही कारण फोटो चांगले येत नाहीत. तिथेच जा. नवीन नाव देण्याइतकंच जुनं नाव बरोबर जागेवर बसवणं मोठं काम आहे, फक्त त्याची बातमी होत नाही.

हे सगळं कशाला, असं घरचे विचारतातच, माझ्या आजीने तर सरळ म्हटलं होतं कायले त्या सापाच्या मागं लागली. उत्तर तयार ठेवा. भारतात जे अँटिव्हेनम मिळतं ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर बनवलेलं आहे. पिट व्हायपरवर नाही. केरळात हिप्नेलच्या दंशाने जिवावर बेतलेल्या केसेस २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यात हा साप फुरसं समजला जात होता आणि जे औषध लागू नाही ते दिलं जात होतं, किडनीवर परिणाम होतो तो वेगळाच. कुठला साप कुठला आणि कोणाचं विष कोणाच्या विषासारखं असेल, हे नात्यांच्या झाडाशिवाय कळायला मार्ग नाही. आजीला हे पटलं, आईला अजून पटलेलं नाही.

आणि म्हणूनच फील्डमध्ये शहाणपणा नको. हूक आणि पारदर्शक नळी, सापाचं डोकं नळीत गेल्याशिवाय हात लावायचा नाही, फोटोसाठी हातावर घ्यायचा तर प्रश्नच नाही. रात्री फांद्यांमध्ये हात घालण्याआधी टॉर्च, चापडा तुमच्या गुडघ्याच्या किंवा खांद्याच्या उंचीवर बसलेला असतो, पायाजवळ बघण्याची सर्पमित्राची सवय इथं कामाची नाही. निघण्याआधी जवळचं व्हेंटिलेटर आणि डायलिसिस असलेलं हॉस्पिटल कुठे आहे ते टीममधल्या सगळ्यांना माहीत पाहिजे, ड्रायव्हरलासुद्धा.

पैशाचं आणि करिअरचं पटकन. सीएसआयआर नेट लाईफ सायन्स, वर्षातून दोनदा, जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप लागली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि घरभाडं. जेआरएफ असेल तर गाईड निवडायला मोकळीक मिळते, नसेल तर गाईडच्या प्रोजेक्टवर जे असेल ते करावं लागतं. गाईड बघताना मोठं नाव बघू नका, त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि पेपरवर पहिलं नाव कोणाचं आहे ते बघा, आणि त्या विद्यार्थ्यांना फोन करा, ते खरं सांगतात. एका ठिकाणी मला सांगितलं होतं की पहिली दोन वर्षं फक्त डेटा एंट्री, मी चहा पिऊन परत आले. नोकऱ्या थोड्या आहेत हे लपवत नाही, झेडएसआय, विद्यापीठं, काही संस्था, आणि कॉलेजातली प्राध्यापकी जिच्या जागा निघायला वर्षं लागतात. पण सिक्वेन्सचं विश्लेषण आणि आर या प्रोग्रामिंग भाषेतलं कोडिंग शिकलेला माणूस उपाशी राहत नाही, जीनोमिक्सच्या कंपन्या घेतात.

विदर्भातल्या पोरांसाठी एक विषय उघडा पडलाय, कोणीतरी घ्या. चापडा सह्याद्रीत आहे, पूर्व घाटात आहे, आणि मध्ये सातपुड्याच्या रांगेत आहे. सह्याद्रीवर भरपूर काम झालं कारण तिथे सगळे जातात, मधल्या डोंगरांतले नमुने मात्र हाताच्या बोटावर मोजण्यासारखे. मेळघाटातला चापडा पूर्व घाटाच्या जवळचा की सह्याद्रीच्या, की त्याची स्वतःची वेगळी रेष, यासाठी केरळला जायची गरज नाही, परतवाड्याची एसटी पुरते. मेळघाट व्याघ्र प्रकल्प असल्यामुळे क्षेत्र संचालकांचं अमरावतीचं ऑफिसही अर्जात धरावं लागेल, वनभवनच्या पत्राची एक प्रत तिकडे पाठवा आणि मुक्कामासाठी रेस्ट हाऊसचं वेगळं पत्र जोडा, पावसाळ्यात चिखलदऱ्याला शनिवार-रविवारी खोली मिळत नाही.